टबासमोरचा खटका

"माझा दीर मेला, आणि त्याला मारलं म्हणून माझा नवरा कोठडीत आहे. सख्खे भाऊ होते हो ते!"

वायरमनची बायको खुर्चीत बसलीच नाही. उभ्याउभ्याच बोलली. समोरच्या बाई पंधरा वर्षं विजेच्या जोडण्या तपासायच्या नोकरीत होत्या. एका बड्या बंगल्याला खोटा दाखला दिला नाही म्हणून ती नोकरी गेली. तेव्हापासून त्या खासगी तपास करत. लोक त्यांना वायरीबाई म्हणत. शेजारी त्यांचे दीर, भावजी. निवृत्त टंकलेखक. सगळं वहीत टिपणारे आणि त्यातलं निम्मं न समजणारे.

"नीट सांगा," वायरीबाई म्हणाल्या.

"ठेकेदारसाहेबांच्या बागेत गरम पाण्याचा टब आहे. दोन वर्षांपूर्वी ह्यांनीच त्याचं वायरिंग केलं. गेल्या आठवड्यात शनिवारी दुपारी धाकटा तिथला पंप दुरुस्त करायला गेला. विजेचा खटका पाडून आत हात घातला, आणि कुणीतरी खटका वर केला. जागीच चिकटला पोरगा, हातातला पाना तारांतच राहिला. साहेब म्हणतात, खटका कोठीच्या खोलीत आहे, टबापासून दिसत नाही, कुणाचा तरी धक्का लागला असेल. म्हणजे दोष वायरमनचा. आणि हे शपथेवर सांगतात, मी तो टबासमोरच्या भिंतीवर बसवला होता!"

"म्हणजे तुम्हाला त्यांची सुटका हवी."

"सुटून जाणार कुठे ते? सासूबाई म्हणतात, थोरल्यानं धाकट्याला खाल्लं, हा माझ्या दारात नको." तिनं डोळे पुसले. "दोघांची एक रीत होती, बाई. खटका पाडला की डोक्यावरची निळी टोपी त्याच्या दांडीवर अडकवायची. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, माणूस कामावर आहे. धाकटा त्यात कधी चुकला नाही."

ठेकेदारानं वायरीबाईंना आणि भावजींना बागेतच उभं केलं. सावलीत या, असंही म्हणाला नाही.

"कामचुकार वायरमन, दुसरं काय! खटका पहिल्यापासून कोठीतच आहे. वीज खात्याचा माणूसही बघून गेला."

"कधी?"

"अपघातानंतर, गुरुवारी."

"शनिवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"व्हरांड्यात. सहाला पाहुणे यायचे होते. पाणी तापायलाच चार तास लागतात आणि तो गडी तीन वाजेपर्यंत खोलूनच बसला होता."

"समोरच्या भिंतीला रंग नवा दिसतो."

"दरवर्षी देतो. तोही गुन्हा झाला का?"

कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. दाराजवळच्या भिंतीवर खटक्यांचे चार डबे ओळीनं. तीन गुळगुळीत, करडे. टबाच्या चौथ्याचं झाकण विटून पांढरं पडलेलं, कडेनं गंजाचे ओघळ. "चौथा जुना," भावजींनी टिपलं.

स्वयंपाकीणबाई रडतच आल्या. त्यांना कामाला लागून जेमतेम पंधरवडा झाला होता.

"माझाच कोपर लागला असेल हो. साहेब तसंच म्हणाले."

"मावशी, साहेबांचं राहू द्या. तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"त्या टोकाला, पिंपातून तांदूळ काढत होते. एकदम लाइट गेली."

"आत आणखी कुणी?"

"कोण असणार? मांजर शिरतं म्हणून मी दाराला आतून कडी घालते."

"भिंतीवर तेव्हा डबे किती होते?"

"मला काय ठाऊक! मी तांदूळ मोजते, डबे नाही."

बाहेर माळी पाईप धरून उभा होता. डोक्यावर तेलकट निळी टोपी.

"काका, टोपी झकास आहे."

"सापडली, घातली. शनिवारी मला सुट्टी होती. रविवारी आलो तेव्हा पडली होती वाफ्यात."

"आणि भिंतीवर काय होतं?"

माळ्यानं व्हरांड्याकडे पाहिलं. "भिंतीकडे आम्ही बघत नाही, बाई. नोकरी आहे."

भावजी कानाशी लागले. "वहिनी, मला तर स्वयंपाकीणच वाटते."

"भावजी, तुमचा मेन पडलाय. फौजदारांना बोलवा. हातोडी घेऊन या म्हणावं."

तासाभरात फौजदार आले. वायरीबाई टबाकडे पाठ करून भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"नियम साधा आहे. खटका पाण्यात बसलेल्याचा हात पोचणार नाही इतका लांब हवा, आणि टबापाशी राबणाऱ्याला दिसेल इतका जवळ. त्याच्या नकळत कुणी वीज सोडू नये, म्हणून. पण नजर दोन्हीकडून चालते. त्याला खटका दिसतो, तसा खटक्यापाशी उभ्या माणसालाही तो दिसतो. इथला खटका वर करणारा 'मला काय माहीत' म्हणू शकत नव्हता. म्हणूनच माणूस मेल्यावर, गुरुवारच्या आत, खटका कोठीत गेला."

"कथा छान आहे," ठेकेदार हसला. "पुरावा?"

"कोठीत ऊन येत नाही. मग चारांतला एकच डबा उन्हानं कसा विटला? पावसानं कसा गंजला? दुसरं, लाइट का गेली? धाकट्याच्या हातातला पाना दोन तारांत आडवा पडला आणि घराचा मेन स्विच उडाला. म्हणजे खटका वर झाला तो त्याच क्षणी. तेव्हा कोठीला आतून कडी होती, आणि मावशी पार दुसऱ्या टोकाला. तिसरं. काका, टोपी कुठल्या वाफ्यात होती?"

माळ्यानं टोपी काढली. "ह्याच. ह्या भिंतीखाली. इथंच होता बाई तो डबा. दोन वर्षं होता."

"टोपी दांडीवर असताना खटका चुकून वर होत नाही. ती आधी काढावी लागते."

"कोपराला टोपी काढता येत नाही!" भावजी एकदम ओरडले. स्वयंपाकीणबाईंनी आपल्या कोपराकडे पाहिलं.

वायरीबाईंनी भिंतीवर बोटं वाजवत एके जागी थांबून खूण केली. फौजदारांनी हातोडी घातली. गिलावा पडला. आत पाईप, आणि पाईपात चार तारा. कापलेल्या. तोंडं अजून लखलखीत.

ठेकेदाराचा आवाज उतरला. "दोनदा हाक मारली मी. 'झालं का रे?' म्हटलं. पाणी तापायला चार तास लागतात... वाटलं, होईल बाजूला."

"तो दिसत होता?"

ठेकेदारानं टबाकडे पाहिलं.

"पाय दिसत होते," ठेकेदार म्हणाला.

पाहुण्यांना गार पाणी लागू नये म्हणून एवढं. वैर नाही, भांडण नाही. वैऱ्याला निदान माणूस तरी समजतात.

संध्याकाळी वायरीबाई वायरमनच्या बायकोबरोबर तिच्या घरी गेल्या. म्हातारी सासू भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं. एकदाही रडली नाही.

"थोरल्यानं खटका कुठं लावला होता?"

"लावायला हवा तिथंच, आजी. अगदी समोर."

म्हातारीनं जमिनीवर हात टेकला आणि उठली. सून सावरायला पुढे झाली, तिला तिनं बाजूला केलं.

"कोठडी किती लांब आहे गं? मला चालवेल का तिथपर्यंत?"