मधली चाळीस मिनिटं

हे घडलंय. पटलं नाही तरी चालेल, पण खोटं म्हणू नका. माझं नाव तेवढं विचारू नका.

गेल्या वर्षीचा मार्च. रविवार, दुपारचे तीन वीस. गारखेड्यातलं आमचं छोटं ऑफिस, ड्युटीवर मी एकटाच.

एका हॉस्पिटलचं काम आमच्याकडे आहे. तिथल्या जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरवर, पेशंटची नोंद बदलली, की आमचं सॉफ्टवेअर तो बदल उचलून वॉर्डच्या स्क्रीनवर पोचवतं. मी फक्त कमांड द्यायच्या. थांब. सुरू हो.

त्या दुपारी ते अडकलं. चाळीस मिनिटांच्या नोंदी तुंबल्या.

आमच्या सीनियर विशाखाताई फोनवर म्हणाल्या, "जिथं थांबलं तिथूनच स्टार्ट दे हां. दोन तास लागतील, लागू दे."

मला चुलतभावाच्या हळदीला कन्नडला जायचं होतं. जीप सुटणार होती.

मी 'आत्तापासून सुरू' अशी कमांड दिली. स्क्रीन लगेच हिरवी झाली. मधली चाळीस मिनिटं वॉर्डात पोचलीच नाहीत.

त्यात एक नोंद सिल्लोडच्या गोजरबाई नावाच्या आजींची होती. त्यांना एक इंजेक्शन सोसत नाही, देऊ नये.

सिस्टर मंजुषानं स्क्रीन पाहिली. तिथं काहीच नव्हतं. तिनं इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी आजी गेल्या. तेव्हा मी कन्नडला डीजेपुढं नाचत होतो.

सोमवारी कळलं, आणि प्रत्येक कमांडची नोंद ठेवणाऱ्या लॉगमधली माझी ओळ पुसून टाकली. मेनफ्रेमवर नोंद होती, म्हणजे स्क्रीनवरही पोचली असणार, सिस्टरनंच वाचली नाही, असं ठरलं. मंजुषाची नोकरी गेली. मी गप्प बसलो.

पुढच्या रविवारी...

एसीचा आवाज एकदम बंद झाला. बाहेरच्या रिक्षासुद्धा ऐकू येईनात.

सॉफ्टवेअर आपोआप थांबलं होतं. खाली लिहिलेलं... बाकी नोंद, एक.

स्टार्ट दिलं. थांबलं.

पुन्हा दिलं. थांबलं.

माझ्या मागच्या रिकाम्या खुर्चीत... बांगड्या वाजल्या.

"बाबू, डाक्टरनं माझं लिवलं होतं की रं... पोचलं नाय का?"

मी वळलो नाही. मान वळेचना.

लॉग उघडला. मी पुसलेली ओळ जागच्या जागी होती. परत पुसली. पुढच्या रविवारी परत आली.

असे सात रविवार काढले. आठव्याला सुट्टी टाकून मंजुषाच्या घरी गेलो. सगळं सांगायचं, तिचे पाय धरायचे, असं ठरवूनच.

दार तिच्या आईनं उघडलं.

"मंजू दुकानात कामाला जाती आता. येईलच, बसा." मग माझ्या मागं बघून त्या म्हणाल्या, "आन् ह्या म्हातारीला उन्हात उभं केलं व्हय? आत घ्या की!"

मागं वळलो...

कुणीच नव्हतं.

मावशींनी दोन पेले पाणी आणलं. एक मला दिला, दुसरा शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं धरला. आणि हात तसाच मागं घेतला.

पेला त्यांच्या हातात नव्हता.

मी चप्पल न घालताच पळालो.

मंजुषा अजून त्या दुकानातच उभी असते. एवढं सगळं तुम्हाला लिहिलं, पण तिला अजून एक शब्द सांगितलेला नाही.