सात पौंडांचा दाब

बाइकच्या ऑइल चेंबरला नळी जोडायचं एक निप्पल वेल्ड करून हवं होतं त्याला... एवढंच. पाच मिनिटांचं काम.

"मालक कुठंयत?" हेल्मेट काढत त्यानं विचारलं.

"माझे आप्पा गावाला गेलेत. काम सांगा."

तो घुटमळला. उमरग्याच्या हायवेला ट्रकचे टर्बो दुरुस्त करणाऱ्या दुकानात एक मुलगी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून उभी असेल, असं कुणालाच वाटत नाही. मी थांबले. सवयच होती.

मग त्यानं मागच्या सीटवरचं खोकं सोडून माझ्यापुढं ठेवलं. आत इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो किट होता. त्याच्या साडेसहाशे सीसीच्या स्पोर्ट बाइकसाठी ऑनलाइन मागवलेला. मी टर्बोचं चाक बोटानं फिरवलं, दांडा हलवून पाहिला. नवाकोरा... आणि आत्ताच ढिला.

"हा कुठं बसवणार?"

"इंजिनच्या पुढं. खाली."

"मग त्यातलं तेल परत वर कसं चढणार?"

तो खोक्यात डोकावू लागला. मी म्हटलं, "ट्रकात टर्बो उंचावर असतो, तेल आपसूक खाली उतरतं. तुमच्या गाडीत तो चेंबरच्याही खाली येतोय. तेल ओढून घेणारा पंप लागतो, अन् ह्या किटात तो न्हाय. ते तेल साठून बाहेर येईल, मागच्या टायरवर. ताशी दोनशेच्या वेगात."

त्याचा चेहरा उतरला. वाईट वाटलं मला, पण निप्पल काही वेल्ड केलं नाही.

"मग चांगला किट आणला... तर तुम्ही बसवाल?"

"बसवीन." म्हणून तर गेले, पण तोवर मी बाइकला टर्बो कधीच बसवला नव्हता.

त्याचं नाव रुद्रेश. बेंबळीचा. वडील धुळाप्पा मेंढरं राखणारे, हा पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला. मार्चमध्ये हैदराबादकडं एका खासगी धावपट्टीवर चारशे मीटरची शर्यत होती. मागच्या वर्षी अंतिम फेरी त्याच्या हातून थोडक्यात निसटली होती, आणि ते थोडकं त्याला वर्षभर झोपू देत नव्हतं.

किट निवडायला तो तीन रविवार आला. लॅपटॉपवर आकडे लावून आम्ही भांडलो.

"मोठाच टर्बो घेऊ की."

"मोठा जागा व्हायला वेळ लावतो. तो उठेपर्यंत शर्यत संपेल."

"तुमच्यासारखाच म्हणा."

"म्हणजे?"

"तुम्हालाही हसायला लई वेळ लागतो..."

मी स्क्रीनकडं बघत राहिले. कान मात्र तापले. शेवटी छोटा टर्बो ठरला. तेल ओढणारा पंप, मोठे इंजेक्टर आणि पेट्रोलचा जादा पंप यांच्यासकट. हवेचा दाब सात पौंड. त्याच्या वर एक टिंबही नाही.

आप्पा म्हणाले, "शिवकन्या, हे तुझं स्वतःचं पहिलं काम. मी हात लावणार न्हाय. फुटलं तर दुकानाचं नाव जाईल. अन् वर बसलेला माणूस..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

आठ दिवस काम चाललं. सिलिंडरखाली जाड गॅस्केट घातलं, नळ्या वाकवल्या, वायरी ओढल्या. रुद्रेश दवाखाना सुटला की यायचा आणि बॅटरी धरून शेजारी बसायचा. त्याच्या हाताला डेटॉलचा वास. एकदा पाना देताना बोटाला बोट लागलं... दोघांनीही माफी मागितली, आणि पाना खाली पडला.

चाचणीच्या सकाळी तो सहज म्हणाला, "तुम्ही बसवलंय, आता मला कशाचीच भीती न्हाय."

ज्याला भीती नाही तो मागे बघत नाही. तो हातमोजे चढवत होता तेवढ्यात मी लॅपटॉप जोडला आणि साताच्या जागी चार भरले. त्याला सांगितलं नाही.

बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या आवारात सरळसोट रस्ता आहे. मालकाची परवानगी काढली होती. तो सुसाटत गेला, वळून आला, हेल्मेट काढलं. कपाळावर आठ्या.

"काटा चारच्या वर गेलाच न्हाय. किट खराब निघाला का?"

व्हय म्हटलं असतं तर सुटले असते.

"किट चांगलाय. मीच चार ठेवला."

"मला न विचारता?"

मी मान डोलावली.

"त्या सीटवर मी बसतो! आता मला कसं कळणार, आणखी काय काय न सांगता केलंय ते?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"भीती वाटली."

"इंजिन फुटायची?"

"इंजिन दुसरं मिळतं, रुद्रेश."

बोलून गेले... आणि परत घेता येईना. वारा सुटला होता. पलीकडच्या शाळूची पानं सळसळत होती. तो माझ्याकडं बघत राहिला, मग गाडीला टेकून खालीच बसला.

तिथनंच म्हणाला, "मग खरंच सांगत जा. दाब किती ते... अन् हे पण. आता सात कर."

पहिल्यांदाच त्यानं मला 'तुम्ही' म्हटलं नाही.

"करते. पण टाकीवर लाल दिवा बसवलाय. पेट्रोल कमी अन् हवा जास्त झाली की लागेल. लागला की थ्रॉटल सोडायचं. कुठंही असलास तरी."

"सोडीन."

"शब्द?"

"शब्द."

शर्यतीच्या दिवशी आप्पाही आले, आमचीच पिकअप चालवत. पहिल्या दोन फेऱ्या रुद्रेशनं आरामात काढल्या. अंतिम फेरीत शेजारी पुण्याचा एक जण होता. हिरवा दिवा पेटला आणि दोघं सुटले. टर्बोची शीळ चढत गेली... अर्धं अंतर, रुद्रेश एका गाडीनं पुढं. मी कुंपणाची तार घट्ट धरली.

आणि शीळ तुटली. गाडी मंदावली. पुण्याचा पोरगा सर्रकन पुढं निघून गेला.

मी त्याच्याकडं पळाले. टाकीवर लाल दिवा पेटलेलाच होता. टाकी उचलून पाहिलं, तर पेट्रोलच्या पंपाची वायर जिथं जोडली होती तो जोड वितळून काळा पडला होता. आणखी सेकंदभर गाडी रेटली असती तर पिस्टनला भोक पडून इंजिन जागीच जाम झालं असतं.

भोवती माणसं जमली. आप्पाही आले. "काय झालं?"

"जोड मी नीट दाबला न्हाय. चूक माझी आहे." सगळ्यांदेखत बोलले. रुद्रेशकडं बघायचं धाडस होईना.

आप्पांनी तो जोड निरखून पाहिला. म्हणाले, "चूक आहेच. पण दिवाही तूच बसवलास." आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवून पिकअप आणायला गेले.

"रागावलास?" मी विचारलं.

"दिवा लागला तेव्हा वाटलं होतं... दहा सेकंदांचा तर खेळ, न्यावी ओढून." तो हातमोजे काढत होता. "पण शब्द दिलेला. अन् ही शर्यत पुढच्या वर्षीही असते. तू तिथं कुंपणाला उभी होतीस... मला परत तुझ्यापर्यंत यायचं होतं."

मला रडू आलं. त्यानं रुमाल शोधला, मिळाला नाही, म्हणून हातमोजाच पुढं केला.

परतताना आप्पा पुढं गाडी चालवत होते, आणि आम्ही दोघं मागं बाइकला दोन्ही बाजूंनी धरून बसलो होतो. दुपारचं ऊन, हायवेचा वारा. खड्डा आला की हँडलवरचे आमचे हात एकमेकांवर यायचे. मग खड्डा नसतानाही ते तिथंच राहिले.

"तुझ्या आप्पांना कधी विचारू?" तो पुटपुटला.

"आत्ता नको. गाडी चालवत्यात ते."

"मग कधी?"

"घरी पोचू दे... जेवण होऊ दे..."

केबिनच्या मागच्या खिडकीतून आप्पांचा आवाज आला, "ही खिडकी सकाळपासनं उघडीच आहे. विचारा काय विचारायचं ते!"