भिंतीपलीकडच्या उड्या

भिंतीवरून एक डोकं वर आलं आणि गेलं.

प्रणोतीच्या हातातली मटारची शेंग हातातच राहिली. जबलपूरजवळच्या शहपुऱ्याचे मटार नुकतेच बाजारात यायला लागले होते. घरमालकीण सरोजिनीकाकूंनी परातभर शेंगा तिच्यापुढे ठेवल्या होत्या, आणि रविवारी तिला दुसरं कामही नव्हतं. मागच्या अंगणात, उंच भिंतीच्या अगदी कडेला ती सोलत बसली होती.

डोकं पुन्हा आलं. आधी विस्कटलेले केस, मग चष्मा, मग ओशाळलेलं हसू.

"नमस्—" ते म्हणालं आणि बुडालं.

"—कार!" पुन्हा वर. "तुम्ही काकूंकडच्या..." खाली. "...नवीन डॉक्टर न?"

"फिजिओथेरपिस्ट!" प्रणोती ओरडली. "आणि तो चष्मा काढा आधी!"

"काहून?"

"तोंडावर आपटलात तर डोळ्यात जाईल!"

पलीकडे स्प्रिंगा कुरकुरल्या आणि थांबल्या. जरा वेळानं आवाज आला, "काढला. पण आता तुम्ही दिसून नाही राहिल्या."

प्रणोतीला हसू फुटलं. मोठ्यानं. आणि मग तिचं तिलाच जाणवलं, की जबलपूरला आल्यापासून आपण असं हसलोच नव्हतो.

कऱ्हाडहून ती इथल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरीला आली होती. दिवसभर हिंदी. 'घुटना मोड़िए, और मोड़िए,' असं पेशंटांना सांगताना सुरुवातीला ती अडखळायची. आपण माणसांना गुडघे मोडायला सांगतोय असंच वाटायचं. त्याची सवय झाली. विजय नगरातल्या भाड्याच्या खोलीतल्या संध्याकाळींची मात्र होईना. कुलूप काढायचं, दिवा लावायचा, आईला फोनवर 'जेवले गं, छान चाललंय' म्हणायचं, आणि मग... मग काहीच नाही.

मटार तसेच टाकून ती शेजारच्या फाटकातून आत गेली.

परसात काळ्या ताणलेल्या कापडाचा मोठा गोल होता, चहूबाजूंनी उघड्या, गंजक्या स्प्रिंगांनी लोखंडी कड्याला जोडलेला. त्यावर हातात चष्मा घेऊन एक उंच तरुण उभा होता. आल्हाद त्याचं नाव. आजोबा नागपूरहून इथल्या तोफांच्या कारखान्यात आले, तेव्हापासून सगळं घर जबलपूरचंच. तोही कारखान्यातच होता.

"हे ट्रॅम्पोलिन," तो म्हणाला.

"हा सापळा आहे," प्रणोती म्हणाली. "जाळी कुठाय? स्प्रिंगांवरची गादी? एक पाय स्प्रिंगांच्या फटीत घसरला की घोटा गेलाच. भिंत हाताच्या अंतरावर. आणि डोक्यावर ही पेरूची फांदी!"

"बिहीची."

"काय?"

"आम्ही बिही म्हणतो तिला."

"कपाळमोक्ष झाल्यावर काहीही म्हणा."

तो हसला, पण खाली उतरला. ट्रॅम्पोलिन त्याच्या पुतणीचं होतं. दुर्वाचं. सात वर्षांची. आल्हादचा मोठा भाऊ वेदांत बदली होऊन सहकुटुंब बंगळूरला गेला आणि हे इथेच राहिलं. आल्हादचे आईवडील त्याआधीच वारलेले. दुर्वा नाताळच्या सुट्टीत येणार होती, म्हणून तो ते तपासून पाहत होता.

"रोज तपासता?" प्रणोतीनं विचारलं. कुरकुर तिनं रोज संध्याकाळी ऐकली होती. वरच्या खोलीत तिला ती झोपाळ्याची वाटायची.

आल्हादनं चष्मा पुसला. "घरात आवाज नसतो न," तो म्हणाला. "ह्याच्यावर चढलं की निदान स्प्रिंगा तरी बोलतात."

 ती फक्त म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. आधी ते इथून हलवू."

मग रविवार भराभर येऊ लागले. दोघांनी ते ओढत ओढत परसाच्या मध्यावर, सपाट गवतावर आणलं. वाकलेला पाय गोहलपुरातल्या वेल्डिंगवाल्याकडून सरळ करून आणला. गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या, त्यांच्यावर जाड गादी बसवली, भोवती जाळी लावून तिला आत शिरायचं दार केलं. प्रणोती खांब हलवहलवून पाही. आल्हाद तिच्याकडे पाही.

"खांब बघा," ती म्हणायची.

"बघून राहिलो न."

सगळं झाल्यावर ती उड्या मारायला शिकवू लागली. मध्यभागीच राहायचं. गुडघे किंचित वाकवून उतरायचं. कोलांटी नाही. दव पडून कापड ओलं झालं की चढायचंच नाही. आणि एका वेळी एकच. दुसऱ्यानं खाली उभं राहून लक्ष ठेवायचं.

"नेहमी?" आल्हादनं विचारलं.

"नेहमी."

आता संध्याकाळी ती हॉस्पिटलातून आली की जिना चढायच्या आधी शेजारी डोकावायची. तो उडायचा, ती बघायची. मग ती उडायची— ओढणी काढून, केस घट्ट बांधून— आणि जाळीपलीकडून तो बघायचा. वर गेल्यावर क्षणभर तिला साऱ्या कॉलनीच्या खिडक्या दिसत, एकेक दिवा लागत असलेल्या. खाली येताना त्याचा चेहरा दिसे. तिला खाली येणंच जास्त आवडू लागलं होतं.

एका संध्याकाळी ती उतरायला निघाली, तर तो जाळीच्या दारात उभा होता.

"प्रणोतीजी... एकदा दोघं मिळून?" त्यानं हात पुढे केला. "हळूच. फक्त एक उडी."

तिला तो हात हवा होता. इतका हवा होता, की ती घाबरली, आणि तिच्या तोंडून हॉस्पिटलातला आवाज निघाला. "नाही. अजिबात नाही."

हात मागे गेला.

"अच्छा," तो म्हणाला. "चलो... समजलं."

"आल्हाद, तसं नाही—"

पण त्याच्या घरात फोन वाजत होता आणि तो आत गेला होता.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या भिंतीपलीकडे आवाज नव्हता. परवाही नव्हता. फाटकाशी ती दोनदा थांबली आणि दोनदा जिना चढून गेली. खोलीत चहा केला, तो निवला. ज्या शांततेची तिला आधीपासून ओळख होती, तीच आता अनोळखी वाटत होती. आधी तिथे कुणी नव्हतं, आता तिथे तो नव्हता.

शेवटी सरोजिनीकाकूच म्हणाल्या, "दुर्वा येऊन नाही राहिली, माहीत आहे का तुला? वेदांतचा फोन आला होता. ते लोक तिच्या आजोळी जाणार. आल्हाद तो उड्यांचा झूला काढून टाकतो म्हणाला."

प्रणोती चपला न घालताच गेली.

तो जाळी सोडवत होता. तिला पाहून थांबला.

"एक जोडपं आलं होतं आमच्याकडे," ती धापा टाकत म्हणाली. "नवंनवं लग्न झालेलं. फिरायला गेले होते, तिथे दोघं हात धरून उडाले. तो जड, ती हलकी. तो खाली आला त्याच क्षणी कापडानं तिला भलतीकडे फेकलं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तिच्या. तिला चालायला मी शिकवलं, आल्हाद. तो रोज बाहेर बाकावर बसून रडायचा." ती थांबली. "मी उडीला नाही म्हणाले होते. तुम्हाला नाही."

हातातली दोरी त्यानं हळूच सोडली.

"मग सांगायचं न तेव्हा," तो म्हणाला. "मी किती दिवस आरशासमोर उभा राहून स्वतःला रागावून राहिलो."

"बसू या?" ती म्हणाली. "बसायला चालतं दोघांना."

ती या कडेला बसली, तो त्या कडेला. कापड मध्यभागी खोलगट झालं आणि दोघं नकळत घसरत गेली, खांद्याला खांदा लागेपर्यंत.

"मी सरकलो नाही," तो घाईनं म्हणाला. "कापडच..."

"माहीत आहे. मीही नाही सरकले."

उन्हं उतरली होती. घर त्याच्यामागे बंद, अंधारं उभं होतं. तिची खोलीही तशीच. दुर्वा येणार नव्हती, आणि त्यावर कुणाकडे काही इलाज नव्हता. त्याचा हात कापडावर पालथा पडला होता. तिनं त्यावर आपला ठेवला.

"मला इथे कुणी नाही," ती म्हणाली. "पण म्हणून नाही आले मी. इथे माझी शंभर माणसं असती ना, तरी... तरी मी तुझ्याकडेच आले असते."

 त्याचा श्वास तिला खांद्यातून कळत होता.

"मला 'तू' म्हणालीस," तो म्हणाला.

"हो."

"पुन्हा म्हण न."

"तू," प्रणोती म्हणाली.