उलट दिशेने येणारा

तळ्याला एक फेरी मारायची आणि उजेड आहे तोवर घर गाठायचं, एवढंच वर्ना हाल्वरसनच्या मनात होतं. उद्या सकाळी तिची मुलगी कॅरिन तिला अ‍ॅरिझोनाला घेऊन जाणार होती, कायमची. घर विकलं गेलं होतं, खोक्यांना चिकटपट्ट्या लागल्या होत्या, बसायला धड खुर्चीही उरली नव्हती. रिकाम्या घरात माणसाने करायचं तरी काय? तिने थर्मासमध्ये कॉफी भरली, केशरी टोपी डोक्यावर ओढली आणि गाडी काढली.

टोपीला पर्याय नव्हता. नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू असते, आणि उत्तर मिनेसोटात ज्याला आपला जीव प्यारा आहे तो केशरी घातल्याशिवाय झाडीत पाय ठेवत नाही. तळ्याच्या उद्यानात बंदूक चालत नाही हे खरं, पण गोळीला कुंपणावरची पाटी वाचता येत नाही.

स्पून लेकची वाट तशी अगदी सोपी. तळ्याभोवती गोल जायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. गुडघे बदललेले म्हातारेही ती हसत पुरी करतात. नवरा-बायकोचा गाडा दोन चाकांवर चालतो म्हणतात, वर्ना आणि अर्विडचा मात्र दोन दिशांनी चालायचा. ती पोस्टात आयुष्य काढलेली, तिच्या पायाला भिंगरी. तो शाळेची बस चालवणारा, गळ्यात दुर्बीण अडकवून प्रत्येक अळंबीपाशी थांबून तिची विचारपूस करणारा. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत दोघं इतकी भांडली, की तेव्हापासून ती उजवीकडून निघायची आणि तो डावीकडून. पलीकडच्या काठावर लाकडी पूल होता, तिथे गाठ पडायची. कॉफी व्हायची, थोडी थट्टा व्हायची, आणि पुन्हा आपापल्या वाटेने दोघं गाडीपाशी.

एप्रिलात अर्विड स्वयंपाकघरात कप विसळता विसळता कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. त्यानंतर ती इकडे फिरकली नव्हती. आज मात्र पुलावर जायचं होतं, दोन कप कॉफी ओतायची होती आणि त्याला ‘येते रे’ म्हणायचं होतं. ते केल्याशिवाय तिला गाव सोडवत नव्हतं.

गाडीतळावर दुसरी एकही गाडी नव्हती; आसपासचे लोक इथे पायीच येतात. ती उजवीकडे वळली. बर्चची झाडं उघडी पडली होती. काठाच्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती आणि तिच्याखाली कुठेतरी बारीक कुरकुर चालली होती. कुजक्या पानांचा ओला वास येत होता. बदकंसुद्धा दक्षिणेला निघून गेली होती. आपणही त्यांच्यातल्याच, असं तिच्या मनात आलं.

समोरून एक तरुण जोडपं आलं. वाट सोडून बाजूला उभं राहायचं आणि पुढे काय आहे ते येणाऱ्याला सांगायचं, ही इथली रीत. झाड पडलंय, अस्वलाचे ठसे आहेत, किंवा नुसतंच ‘आता आलंच हं’, मग ते दोन मैल लांब का असेना.

मुलगी तिच्याकडे पाहतच राहिली. “तुम्हीच वर्ना का?”

“हो... का गं?”

“पुढे एक आजोबा भेटले. दुर्बीण गळ्यात. म्हणाले, लाल कोटातली बाई दिसली तर सांगा, मी येतोय म्हणावं. फार गोड आहेत हो!”

“आणि फार हळू आहेत,” मुलगा हसला. “त्यांना तेवढं टोपी घालायला सांगा. उघड्या डोक्याने फिरतायत, शिकारीच्या दिवसांत.”

अर्विडची टोपी तिनेच उन्हाळ्यात चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला देऊन टाकली होती. ती दोघं केव्हा निघून गेली तेही तिला कळलं नाही. भीती वाटायला हवी होती. पण एवढे महिने एकटीने जेवलेल्या बाईला भीतीआधी दुसरंच काही वाटतं. ती धावतच सुटली.

पुलावर कुणी नव्हतं.

तिने कठड्यावर दोन कप मांडले, कॉफी ओतली. तिच्या कपातली वाफ विरली, त्याच्याही. समोरची वाट वळणापर्यंत रिकामी होती. सूर्य झाडांमागे उतरला आणि पाणी काळं पडलं. “अर्विड?” तिने हळूच हाक मारली. आपलाच आवाज तिला परका वाटला. किती वेळ थांबायचं? वाट पाहणं तिला जन्मात जमलं नव्हतं. त्यावरून तो तिला चिडवायचा, की स्वर्गाच्या दारातसुद्धा तू घड्याळ बघशील.

तेवढ्यात मागे पानं वाजली. ती आली होती त्याच वाटेवर. एक पाऊल, मग दुसरं. संथ.

चुकामूक झाली असणार! आपण धावत येताना तो कुठे झाडीत वाकून बसला असेल, आता मागून येतोय. तिचं काळीज भरून आलं. पण तिने मान वळवली नाही. पाहिलं आणि कुणीच नसलं तर?

“चल,” ती पुढे बघतच म्हणाली. “उशीर झालाय तुला, नेहमीसारखाच.”

त्याचा कप तसाच कठड्यावर ठेवून ती निघाली. पावलं मागून आली. या फेरीत ती पहिल्यांदाच सावकाश चालली. घर कितीला गेलं, कॅरिन कशी हुकूम सोडते, अ‍ॅरिझोनात म्हणे बागेत गवताऐवजी दगड लावतात, सगळं तिने सांगितलं. “मला नाही रे जायचं,” असंही सांगितलं. ते तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. मागून उत्तर आलं नाही, पण पावलं जवळ आली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा एकटी नव्हती.

अंधारता अंधारता समोरून कुत्रं घेऊन एक दांडगा माणूस आला. त्याने रीतीप्रमाणे वाट सोडली. कुत्रं मात्र पोट जमिनीला लावून कण्हत बसलं.

“अरे, काय झालं तुला? माफ करा हं, एरवी असं नाही करत.” ती पुढे सरकली तरी तो तसाच उभा राहिला, मागच्या माणसाला वाट देत. मग म्हणाला, “दोघांनीही केशरी टोप्या घातल्यात, फार छान केलंत. मघाचे ते म्हातारबुवा बघा, उघड्या डोक्याने फिरतायत. वाट सोडून खाली काठाकाठाने पुलाकडेच निघाले होते बिचारे.”

वर्नाचे पाय चालत राहिले.

मागे टोपी घातलेला कुणीतरी होता. आणि अर्विडकडे टोपी नव्हती.

“तुम्ही... कोण?” तिने विचारलं. ओठ जेमतेम हलले. पावलं आता तिच्या पावलांच्या तालात पडत होती, अगदी बरोबर, तिचीच असल्यासारखी. मानेला गार श्वास लागत होता. त्याला तळ्याच्या तळातल्या चिखलाचा वास होता. आपण याला काय काय सांगून बसलो! उद्या जाणार आहोत, कुठे जाणार आहोत, कुणाच्या घरी...

गाडीतळ आला. तिची एकटी गाडी उभी होती. ती खडीवर पोचली आणि मागची पावलं थांबली. तिने चावी मुठीत इतकी घट्ट धरली की हात दुखला.

तेव्हा तळ्याच्या पलीकडून, पुलावरून, पाण्यावरून घरंगळत हाक आली.

“वर्ना! अगं, आलो ना मी! कुठे गेलीस? माझी कॉफी पार गार झाली की गं!”

तोच आवाज होता. तोच, शेवटचा शब्द लांबवणारा. ती पाण्याकडे वळली, आणि तिच्या छातीतून एवढे महिने अडकलेलं रडू बाहेर आलं. थोडं थांबले असते तर! फक्त थोडं. “अर्विड!” ती ओरडली. “तिथेच थांब! हलू नकोस, मी आले!”

“ये, पण एकटी ये!” हाक पुन्हा आली. आता आवाजात थट्टा नव्हती. “वर्ना, ते तुझ्या मागून कोण आलंय?”

तिने एक पाऊल वाटेकडे टाकलं. मागे खडी वाजली नाही, श्वासही लागला नाही. चावी अजून मुठीतच होती, गाडीला कुलूप होतं. आणि त्या बंद गाडीच्या आत, शेजारच्या सीटवर, कुणीतरी पट्टा ओढून घेतला आणि तो खट्‌कन बसवला.