कच्चा अर्थ

“आता पुन्हा चावी फिरवलीत ना, तर ती रडेल.”

तिनं दचकून बोटीतून वर पाहिलं. धक्क्यावर हातात पेचकस घेतलेला एक उंच माणूस उभा होता. बोलून झाल्यावर, जणू दुसऱ्याच कुणीतरी तोंड उघडलं असावं, तसा तो पाण्याकडे बघत होता.

“कोण रडेल?”

“बॅटरी,” तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

अर्धा तास ती चावीशी झटत होती. बोट नुसती ‘टक्’ करून गप्प व्हायची. बोट बाबांची. त्यांचे गुडघे गेले तशी ती दोन वर्षं बांधूनच होती, आणि आता दादानं गिऱ्हाईक शोधलं होतं. रविवारी सकाळी दहाला ते बघायला येणार होतं. “तोवर सुरू झाली तर ठेवू, नाहीतर विकून टाकू,” असं दादा म्हणाला आणि बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. त्यांचं ते काहीच न बोलणं तिच्या जिवाला लागलं होतं. म्हणून चष्म्याच्या दुकानातून सुटली की ती तडक इकडे यायची.

तो बोटींचा इलेक्ट्रिशियन होता, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी येऊन बोट दुरुस्त करायला लागला. धक्क्यावर सगळे त्याला मौनीबाबा म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. समोर बसला की तोंडात मिठाची गुळणी. चहा देताना, घेतानासुद्धा नजर थर्मासच्या झाकणावर. पण दुसऱ्याच संध्याकाळी तिला एक गंमत कळली. तळाच्या फळ्या उचलून गडी इंजिनाशेजारी आडवा झाला आणि दिसेनासा झाला, की त्याला वाचा फुटायची.

“फिरवा चावी... हं. बॅटरी भरलेली. स्टार्टर ठणठणीत. मग वीज जाते कुठे?”

“माझ्याकडे नाही आली,” ती वरून म्हणायची.

“नीट बघा. मला इथे खालीसुद्धा झटके बसतायत.”

“मग हातमोजे घाला.”

“हाताला नाही बसत हो ते...”

ती ओठ दाबून हसायची. खोटं कशाला बोला, दुकानात चष्म्यांच्या काचा पुसतानाही तिला ते हसू यायला लागलं होतं.

शुक्रवारी ताडपत्रीवर पाऊस टपटपत होता. तो खाली मीटर घेऊन, ती वर चावीपाशी. त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून तिलाही धीर आला.

“ऐका ना... बोट सुरू झाली, तर पहिल्या फेरीला याल माझ्याबरोबर? आणि... नंतरच्याही?”

खाली मीटरची टोकं कशावर तरी खरवडली. मग त्याचा स्वच्छ, ठाम आवाज आला.

“छे. याला काही अर्थच नाही.”

चावी तिच्या हातात तशीच राहिली. तिनं छत्री उचलली आणि ती धक्क्यावर उतरली. घरी जाऊन दादाला म्हणाली, “येऊ दे तुझं गिऱ्हाईक. देऊन टाकू.” बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राची घडी घातली. त्या रात्री तिनं उशी भिजवली.

शनिवारी दुपारी तो दुकानात आला. काउंटरवर त्यानं रुमाल उलगडला. आत एका जाड वायरचा तुकडा होता. वरून काळा कुळकुळीत, पण सोललेल्या टोकाशी तांब्याची हिरवी पूड झालेली.

“काल तुम्ही... न सांगताच...”

“तुम्हीच म्हणालात ना, अर्थ नाही म्हणून.”

“नव्हताच,” तो म्हणाला. “म्हणजे... अर्थिंग हो. इंजिनाकडून वीज बॅटरीकडे परत नेते ना, ती ही वायर. वरून नवीकोरी, आतून कुजलेली. वीज निघते, पण तिला परतीची वाटच नाही. आम्ही त्याला म्हणतो... अर्थ नाही.”

तिनं तो तुकडा उचलून पाहिला. एवढं रडणं, ते एका वायरपायी. “आणि मी जे विचारलं होतं?”

“विचारलं होतं? मला फक्त ‘ऐका ना’ ऐकू आलं. मग पाऊस... काय विचारलंत?”

“असलं दोनदा विचारायचं नसतं,” ती म्हणाली आणि उगाच एक फ्रेम पुसायला लागली.  त्यानं तुकडा पुन्हा रुमालात गुंडाळला आणि तो नवी वायर बसवायला निघून गेला.

रविवारी दहाला धक्क्यावर दादा होता, गिऱ्हाईक होतं, घडीच्या खुर्चीत बाबा होते. फळ्यांखालून आवाज आला, “फिरवा.” तिनं फिरवली, आणि इंजिन पहिल्याच फटक्यात धडधडलं. बाबा काठी न घेता उठून उभे राहिले.

“वा, चालू आहे की,” इंजिनाच्या आवाजात गिऱ्हाईक ओरडलं. “मग आजच नेतो.”

दादानंही तिला ओरडूनच विचारलं, “तूच म्हणालीस, देऊन टाकू. आता काय करायचं, बोल.”

तिला ठेवायची होती. पण रोज या बोटीवर यायचं आणि तो खाली नसायचा, हे तिला सोसणार नव्हतं. 

“देऊ नका,” खालून आवाज आला. इंजिनाच्या धडधडीत तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता, त्यामुळे अख्ख्या धक्क्याला ऐकू गेलं. “मला त्यांच्याबरोबर फिरायचंय. मला त्या आवडतात.”

तिनं इंजिन बंद केलं. “हे वर येऊन सांगा,” ती म्हणाली. 

तो वर आला. नाकाला ग्रीस. समोर चार माणसं पाहून पुन्हा मिठाची गुळणी धरतो की काय, असं वाटलं. पण या वेळी त्यानं थेट तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“मला तुम्ही आवडता,” तो सावकाश म्हणाला. “तुम्ही हेच विचारलं असेल, तर... हो. आणि दुसरं काही विचारलं असेल, तरी हो.”

“हेच विचारलं होतं,” ती म्हणाली.

बाबा गिऱ्हाइकाकडे वळले. “माफ करा हं,” ते म्हणाले, “बोट आता घरातच लागणार आहे.”