सज्ज्यातलं उत्तर

आमचे हे त्या दिवशी डबा घरीच विसरले, म्हणून मी तो घेऊन बागेत गेले. एवढंच निमित्त. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण त्यांचं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. हे गाईड. जुनं शहर बघायला आलेल्यांना सकाळी घड्याळाचा मनोरा, मग किल्ल्याचा दरवाजा, मग पायऱ्यांची विहीर असं फिरवत कारंज्यांच्या बागेत आणायचे, आणि शेवटी बागेच्या मधोमध असलेल्या घुमटात चढवायचे.

घुमटाच्या आत, अगदी वर, भिंतीला धरून गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या बाजूला कान लावलेल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू येतो. मधे नुसती पोकळी. म्हणे राजाराणीचा अबोला झाला की राजा इथे भिंतीशी तोंड नेऊन विचारायचा, "रुसलीस का?" हेही लोकांसमोर तेच विचारायचे आणि पलीकडून यांची पहिली बायको उत्तर द्यायची. रोज नवीन. लोक हसून बेजार व्हायचे. ती गेल्यावर यांनी तो खेळ बंद केला.

हे सगळं मला बागेतल्या माळ्याने सांगितलं, न विचारता. वर, "तसा आवाज पुन्हा होणे नाही, बाई," हेही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात तिचा साधा फोटो नव्हता. मला वाटायचं, चला, हा विषय संपला. आणि इथे अख्खी बाग तिच्या नावाची निघाली!

घरी आल्यावर मी हट्टच धरला की उद्यापासून पलीकडे मी उभी राहणार.  हे म्हणाले, बघ जमतंय का. ते 'जमतंय का' मला फार झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी सज्ज्यात उभी राहिले. ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा वास. उजेड इतका अंधुक की समोरची माणसं म्हणजे नुसत्या आकृत्या. मी भिंतीला कान लावला आणि यांचा आवाज आला... अगदी कानाशी ओठ आणून बोलावं तसा. "रुसलीस का?" दोन वर्षांत त्या आवाजात ते माझ्याशी एकदाही बोलले नव्हते. मी चार उत्तरं पाठ करून गेले होते. एक आठवेल तर शपथ.

आणि उत्तर गेलं.

"रुसायला फुरसत कुठे आहे? माळ्याने खाली नळ पुन्हा उघडाच ठेवलाय."

बाईचा आवाज, जरासा घोगरा, हसू दाबलेला. माझ्या तोंडासमोरच्या दगडातून. घुमटभर लोकांचं हसू फिरलं. हे सज्ज्यावरून जवळजवळ पळत माझ्याकडे आले. डोळे चमकत होते. "अगदी..." म्हणाले आणि थांबले. पुढचं मला कळलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की मी नाही बोलले. पण त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलंच नव्हतं हो. मी म्हणाले, "जमलं ना?"

मग महिनाभर ते रोज जमत गेलं. मी तोंड मिटून उभी राहायची आणि दगड बोलायचा. घरी हे माझी उत्तरं आठवून आठवून हसायचे, माझा हात धरून बागेतून चालायचे. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा जळफळाट मोठा होता. कौतुक माझ्या पदरात पडत होतं आणि त्यातला एक शब्दही माझा नव्हता. मेली ती, आणि अजून तिचंच चाललंय, हे माझ्या मनातून जाईना.

एकदा लोक खाली उतरल्यावर मी मागे थांबले. भिंतीला ओठ लावून म्हणाले, "ते आता माझे आहेत."

कुठेतरी वटवाघूळ फडफडलं. मग हलकेच...

"मग उत्तर तू का देत नाहीस?"

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणाले, बरं वाटलं तर दुपारी मागून येते. मनात वेगळंच होतं. मी नसले की तिलाही बोलता येणार नाही, यांचा प्रश्न घुमटात तसाच लटकत राहील, आणि मग कळेल यांना माझी किंमत. दार आतून लावून दिवसभर पलंगावर पडून राहिले. संध्याकाळी दिवा लावला तेवढ्यात यांनी कडी वाजवली. मी उघडलं. चेहरा नुसता फुलला होता.

"दार का लावलंस? मी मागेच होतो की," म्हणाले. आजच्यासारखी तू कधीच बोलली नव्हतीस, म्हणाले. बागेतून माझ्यामागे काय काय सांगत आलीस, कोपऱ्यावर म्हणालीस, मी पुढे होऊन चहा ठेवते.

मी म्हणाले, "अहो, मी आज घराबाहेर पडलेच नाही."

ते हसले. मग माझे विस्कटलेले केस पाहिले, चुरगळलेले कपडे पाहिले, आणि हसू ओसरलं. त्याच वेळी स्वयंपाकघरातून चहाचा वास आला.

आम्ही आत गेलो. कोणी नव्हतं. ओट्यावर दोन कप भरलेले, वाफ निघत होती. मी ओट्यापासून एक पाऊल मागेच थांबले. हे मात्र सरळ पुढे गेले, एक कप उचलला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"साखर बरोबर आहे," म्हणाले.

दोन वर्षं माझ्या हातचा चहा हा माणूस मुकाट पीत होता. त्या भीतीतही मला पहिल्यांदा तेच बोचलं. मी चिडून दुसऱ्या कपाकडे हात नेला. यांनी माझं मनगट धरलं. अगदी हळू, एखाद्या पाहुणीला समजावतात तसं.

"राहू दे," म्हणाले. "तो तिचा आहे."

माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. यांचा कप त्यांच्या दुसऱ्या हातात होता. ओट्यावरच्या कपाला कोणीही हात लावला नव्हता, आणि त्यातला चहा हळूहळू खाली जात होता.