इट्टोआजीच्या खजुराचा मोबदला

माझे मामा, अस्सू, सरकारी मोजणीदार. तरी खोटं बोलत नाहीत. म्हणून हे खरं मानतो, आणि म्हणूनच भीती वाटते.

सहा वर्षांपूर्वीचा शुक्रवार. भर दुपार. मोरोक्कोतलं आमचं द्रा खोरं.

नव्या रस्त्यात हद्दू नावाच्या शेतकऱ्याची खजुराची बाग जाणार होती. दर झाडामागे मोबदला ठरलेला. मोजलेल्या झाडावर मामा चुन्याचा पट्टा ओढत होते. शेवटी बांधाजवळ एक म्हातारं, वाकलेलं झाड उरलं.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही," हद्दू म्हणाला. "गावातल्या इट्टोआजीचा मुलगा वारला, तेव्हा तिने हे झाड त्याच्या नावाने वाटसरूंना देऊन टाकलं. ज्याला भूक लागेल त्याने खावं. ती मात्र मरेपर्यंत इथेच बसून असायची."

"मालक नाही, तर मोबदला नाही."

"काहीतरी लिहा, साहेब. म्हातारीच्या तोंडाला गाव अजून टरकून असतं."

"मग तिलाच अर्ज करायला सांग," मामा हसले. वहीत शून्य लिहिलं.

नमाजाची वेळ झाली होती. "कुसकुस निवायच्या आत घरी जेवायला या," म्हणून हद्दू पुढे गेला. मामाही सामान आवरून निघाले.

वाट सरळ. पाच मिनिटांची.

दहा मिनिटं झाली...

समोर तेच वाकलेलं झाड.

मामा चुन्याचे पट्टे बघत बघत चालू लागले. पट्टा. पट्टा. पट्टा...

आणि बिनपट्ट्याचं झाड.

त्यांनी बांधावर चढून पलीकडे उडी मारली. पाय टेकले ते त्याच झाडाखाली.

मग त्यांच्या लक्षात आलं. मशिदीतून येणारा नमाजाचा आवाज बंद झाला होता. पाटाचं पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. एक चिमणी नाही.

टक्...

पायाशी खजुराची बी पडली. ओली. नुकतीच चोखून थुंकलेली.

आसपास कुणी नव्हतं.

त्यांनी शून्य खोडून पाचशे दिरहम लिहिले आणि धावत सुटले. परत झाड. दोन हजार केले. परत झाड. शेवटी दहा हजार. एवढा भाव त्यांनी उभ्या नोकरीत कुठल्या झाडाला लावला नव्हता.

टक्...

ते मटकन खाली बसले. "आजी, किती लिहू? तूच सांग."

मागून, अगदी कानाशी, थकलेला आवाज आला.

"पैसे कशात घेऊ रे बाळा? मी आता बसू कुठे, ते सांग."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतात.

सरकारची जमीन देणं त्यांच्या हातात नव्हतं. घरी मामी होती, दोन मुली होत्या. त्यांना पुन्हा बघायचं होतं. त्यांनी वहीत लिहिलं... जागेला जागा. अस्सूच्या घराचं अंगण.

पाण्याचा आवाज आला. समोर वाट होती.

हद्दू दारातच भेटला. "इतक्यात आलात? मी तर आत्ताच पोचतोय."

रस्ता झाला. झाड तोडलं. मामांच्या अंगणात एकही झाड नाही, पण दुपारी तिथे एक वाकडी सावली पडते. मामी रोज सकाळी खजुराच्या ओल्या बिया झाडून काढते. मामांनी दोनदा बदली नाकारली. शेजारीण म्हणाली, "घर विकून टाका ना." मामा म्हणाले, "दिलेली जागा विकू कशी?"

गेल्या महिन्यात रस्त्याच्या रुंदीकरणाची नोटीस आली. मामांचं घर जातंय. मोबदला चांगला मिळतोय. मामांनी तो आकडा वाचलासुद्धा नाही.

परवा ते माझ्याकडे आले. चहा घेतला.

मग मान खाली घालून विचारलं, "तुझं अंगण केवढं आहे रे?"